फायबरच्या जुन्या बोटीला कोणता रंग?

वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, ती पुढे सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. अशा नद्यांवर लाकडी डोंगा कुजतो, फायबरची बोट कुजत नाही. पण चंद्रपूरचं ऊन तिलाही सोडत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि अतिनील किरणं बोटीचा चकचकीत वरचा थर, म्हणजे जेलकोट, हळूहळू तोडतात. हाताला पांढरी पूड लागली की रंगाची वेळ आली.

खरी मेहनत रंगाआधीची. जुन्या बोटीवर पॉलिशचं मेण असतं. ते न काढता पॉलिशपेपर मारला, तर मेण ओरखड्यांत दाबलं जातं आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून आधी सॉल्व्हंटने पुसा, मगच घासा. नंतर पाणी ओतून बघा: ते सलग पसरलं तर ठीक, थेंब झाले तर पुन्हा पुसा.

गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा फायबरमध्ये जास्त जोराने मुरतं, त्यातून फोड येतात. त्यामुळे अस्तर इपॉक्सीचं हवं. मात्र इपॉक्सीला ऊन सोसत नाही; वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग लागतोच. त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे. फवारणी घरी करूच नये. ब्रश-रोलर वापरतानाही योग्य फिल्टरचा मास्क आणि मोकळी हवा हवीच. पावसाळा सरल्यावर, सकाळचं दव पूर्ण वाळल्यावर काम धरा.

तांबेयुक्त रंग समुद्रातले शिंपले बोटीला चिकटू नयेत म्हणून असतो. तो मासळीला बाधतो. आपल्या नद्यांत कृपया नकोच.