इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन

इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन हा मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब उघड कारणाशिवाय वाढण्याचा विकार आहे. तो प्रामुख्याने प्रजननक्षम वयातील, वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये आढळतो.

लक्षणे

डोकेदुखी, कानात नाडीच्या ठोक्यांसारखा आवाज आणि वाकताना किंवा उठताना काही सेकंद डोळ्यांपुढे अंधार येणे ही प्रमुख लक्षणे होत. दृष्टी लगेच परतत असल्याने दुर्लक्ष होते. उपचाराअभावी मात्र ती कायमची जाऊ शकते. अर्धशिशीतील दृष्टिदोष सहसा ५ ते ६० मिनिटे टिकतो.

निदान

केवळ चष्म्याचा नंबर तपासून हा विकार कळत नाही. बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासल्यास दृष्टिमज्जातंतूच्या टोकाची सूज दिसते. खान्देशातील रुग्णांसाठी या तपासणीचे ठिकाण म्हणजे धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे नेत्ररोग विभाग. त्यानंतर एमआरआय करून मेंदूतील गाठ व शिरांमधील रक्ताची गुठळी नसल्याची खात्री करतात. शेवटी कमरेतून सुई घालून द्रवाचा दाब मोजतात. प्रौढांमध्ये तो २५ सेंटिमीटर जलस्तंभ किंवा अधिक असल्यास निदानास पुष्टी मिळते.

उपचार

वजन घटवणे आणि ॲसिटाझोलामाइड हे औषध हे मुख्य उपचार आहेत. दृष्टी वेगाने घटत असल्यास शस्त्रक्रिया करतात.