वद्य पक्षातलं बोनेर

एकट्याने स्कूबा डायव्हिंगला जायचं असेल, तर कॅरिबियनमधल्या इतर बेटांची माहितीपत्रकं बाजूला ठेवा आणि बोनेरचं तिकीट काढा, हे माझं जुनं मत. मत कसलं, हट्टच म्हणा. बहुतेक बेटांवर डायव्हरचा दिवस बोटीच्या वेळापत्रकावर चालतो. सकाळी धक्क्यावर हजर व्हायचं, दोन डाइव्ह करायच्या, दुपारी परत. मग आख्खी संध्याकाळ हॉटेलात मधुचंद्राच्या जोडप्यांमध्ये आपण एकटेच. बोनेरला रीफ किनाऱ्याला लागूनच सुरू होतो. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यांवर साइटचं नाव. तिथे गाडी लावायची, पाठीवर सिलिंडर चढवायचा आणि चालत समुद्रात शिरायचं. कधी शिरायचं ते आपलं आपण ठरवायचं.

इतिहास-भूगोल थोडक्यात उरकते. बेट व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर. शेजारी अरुबा आणि कुरासाव. २०१० पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका, राजधानी क्रालेंडाइक, चलन मात्र अमेरिकी डॉलर. लोक पापियामेंटू बोलतात, डच आणि इंग्रजीही चालते. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे पश्चिम किनारा शांत आणि बहुतेक साइट तिथेच. १९६२ मध्ये डॉन स्टुअर्ट नावाचा एक अमेरिकी खलाशी इथे आला आणि इथलाच झाला. बेटावरच्या डायव्हिंगचा पाया त्याने घातला. १९७९ मध्ये भोवतालच्या समुद्राचं मरीन पार्क झालं.

आता तयारी. मालवणला प्रशिक्षकाचा हात धरून मारलेली बुडी म्हणजे परवाना नव्हे. किमान ‘ओपन वॉटर’चा पूर्ण कोर्स हवा. तो तारकर्लीच्या एमटीडीसीच्या केंद्रातही करता येतो. व्हिसाचं आधी बघा: बोनेर डचांचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही, त्याचे नियम वेगळे. विमान ॲमस्टरडॅमहून मिळतं. उतरल्यावर पार्कचं शुल्क भरायचं आणि पहिली डाइव्ह बॉयन्सी, म्हणजे पाण्यात तरंगण्यावरचा ताबा, तपासून घेण्यासाठी करायची. ही अट जुन्याजाणत्यांनाही चुकत नाही. पाण्यात हातमोजे घालायला बंदी आहे, कारण हातमोजे असले की माणूस प्रवाळाला बिनधास्त धरतो. किनाऱ्यावर मोडक्या प्रवाळाचे धारदार तुकडे असतात, तेव्हा जाड तळव्याचे बूट घ्याच. गाडी शक्यतो पिकअप घ्यावी. आणि डाइव्हला जाताना तिच्यात काहीही ठेवू नये, कुलूपही लावू नये. चोराने दार उघडून रिकामी गाडी बघितलेली परवडते, काच फोडलेली परवडत नाही. पासपोर्ट, फोन, पाकीट सगळं खोलीवर. पाण्याची बाटली आणि टॉवेल एवढंच गाडीत.

एकट्याने प्रवास करणं वेगळं आणि एकट्याने पाण्यात उतरणं वेगळं. ‘सोलो डायव्हर’चे कोर्स आहेत, पण त्यांना शंभर डाइव्हचा अनुभव लागतो, शिवाय हवेचा दुसरा स्वतंत्र साठा बरोबर बाळगावा लागतो. आपण जोडीदार शोधावा हे बरं, आणि तो बोनेरला सहज मिळतो. त्या पहिल्या सक्तीच्या डाइव्हला आणखीही एकटे आलेले असतातच. माझी जोडी एका निवृत्त डच शिक्षकाशी जमली. आजोबा पाण्याबाहेर अखंड बोलायचे. पाण्यात मात्र कासव दिसलं तरी नुसती एक भुवई उचलायचे. असा जोडीदार नशिबानेच मिळतो.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो विषय. बोनेरच्या सहलीच्या तारखा विमानाचं भाडं बघून ठरवू नका, पंचांग बघून ठरवा. पौर्णिमेनंतर दोन ते पाच दिवस, म्हणजे वद्य द्वितीयेपासून पंचमीपर्यंत, सूर्यास्तानंतर पाऊण-एक तासाने इथल्या उथळ पाण्यात ऑस्ट्रॅकॉड नावाचे जीव प्रणयाराधन करतात. संकष्टीला चंद्रोदयासाठी ताटकळलेल्या घरात वाढलेल्या माणसाला याचं गणित समजावून सांगावं लागत नाही. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. सूर्य मावळलेला, चंद्र अजून यायचाय, अशी काळोखाची फट त्या दिवसांत पडते. हे जीव नेमकी ती साधतात. कालनिर्णयमधली चंद्रोदयाची वेळ अर्थात तिथे लागू नाही, पण तिथीवरून अंदाज पक्का बांधता येतो.

ऑस्ट्रॅकॉड हा कोळंबी-खेकड्यांचा दूरचा भाऊबंद. तिळाएवढा, दोन शिंपल्यांत मिटलेला. त्याचं स्वतःचं अंग उजळत नाही. नर पोहता पोहता चिकट द्रवाचा ठिपका बाहेर टाकतो. त्यात ल्युसिफेरिन असतं आणि ल्युसिफेरेज हे विकर असतं. समुद्राच्या पाण्यातल्या प्राणवायूशी गाठ पडली की ठिपका निळा पेटतो. मग थोड्या अंतरावर दुसरा, तिसरा. ठिपक्यांमधलं अंतर, त्यांची दिशा, चमकण्याचा काळ हे प्रत्येक जातीचं ठरलेलं. मादी त्यावरून आपल्या जातीचा नर ओळखते आणि शेवटच्या ठिपक्याच्या पुढे तो कुठे असेल याचा अदमास घेऊन तिथे पोहोचते. काही नर तर इतके बेरकी, की स्वतः एकही ठिपका न टाकता दुसऱ्याच्या ठिपक्यांमागून गुपचूप पोहत जातात. आयत्या बिळावर नागोबा!

याच कुळातल्या एका जपानी जातीची पूड दुसऱ्या महायुद्धात जपानी सैनिक बाळगत. तळहातावर ओली केली की मंद उजेडात नकाशा वाचता येई. त्याच जातीचं ल्युसिफेरिन ओसामू शिमोमुरा यांनी १९५६ मध्ये स्फटिकरूपात मिळवलं. पुढे २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते जेलीफिशमधल्या हिरव्या प्रथिनासाठी, पण सुरुवात या तिळापासून झाली.

ऑस्ट्रॅकॉडचं हे प्रणयाराधन बघायला खोल जावं लागत नाही. मऊ प्रवाळाच्या झुडपांजवळ, पाच-सहा मीटरवर, न पोहता स्थिर थांबायचं आणि टॉर्च विझवायचा. आजोबांनी माझ्या दंडाला धरून ठेवलं होतं, अंधारात जोडी तुटू नये म्हणून. आधी काहीच दिसेना. मग डाव्या हाताला निळे ठिपके एकावर एक वर चढत गेले, आणि एकाचं बघून शेजारच्याने, त्याचं बघून पलीकडच्याने सुरुवात केली. बोटींचे टूर वेळेच्या धाकाने टॉर्च चालू ठेवून पुढे सरकतात आणि हे हुकवतात. घाई नसलेल्या एकट्या पाहुण्याला ते मिळतं.

बाकी बघण्यासारखं म्हणजे मिठाच्या धक्क्याखालचे खांब (जहाज लागलेलं असेल तर तिथे उतरू देत नाहीत) आणि १९८४ मध्ये बुडालेलं ‘हिल्मा हूकर’, ज्यात गांजाचा प्रचंड साठा सापडला होता. दक्षिणेला मिठागरांपाशी १८५० च्या सुमाराला गुलामांसाठी बांधलेल्या दगडी खोपट्या आहेत, कंबरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नाही अशा. त्यांच्यासमोर डाइव्ह साइट आहे म्हणून तिथे नुसते फोटो काढून निघू नये. डच वसाहतींतली गुलामी १८६३ मध्ये संपली, हे तिथे उभं राहून आठवावं.

२०२३ पासून बोनेरच्या रीफवर दगडी प्रवाळांच्या ऊती झडण्याचा रोग पसरला आहे, आणि त्याची लागण डायव्हरच्या सामानातूनही होऊ शकते. तेव्हा आधी दुसरीकडे वापरलेलं सामान निर्जंतुक करूनच पाण्यात न्या आणि बंद ठेवलेल्या साइटवर उतरू नका. परतीच्या विमानाआधी किमान १८ तास डाइव्ह करायची नसते. तो दिवस उत्तरेच्या वॉशिंग्टन-स्लाखबाय राष्ट्रीय उद्यानातले फ्लेमिंगो बघायला राखून ठेवा, आणि तिकीट काढतानाच तो धरा.