सांधा तापतो, माणूसही

बर्फाळ देशांत रेल्वेचे सांधे गोठून अडकू नयेत म्हणून रुळाला विजेचे हीटर लावतात. तापमान आणि बर्फ ओळखणारे सेन्सर ते आपोआप चालू-बंद करतात. दौंड जंक्शनवर अडचण उलटी. उन्हाळ्यात रूळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि त्याच्याशेजारी गँगमन राबतो. शिरूरच्या शेतमजुराचेही तसेच. आपल्या मेंदूतही असा नियंत्रक असतो. तो घाम आणून शरीर थंड ठेवतो. पाणी कमी पडले की त्याचे काही चालत नाही. अंग १०४ अंश फॅरनहाइटवर तापले आणि माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात समजा. १०८ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.