सफरचंद, डाळिंब आणि शून्याखालचा पेला

दारू गाळायची म्हटली की डोळ्यांसमोर भट्टी येते. खाली जाळ, वर भांडं, नळीतून ठिबकणारे थेंब. पण जाळ न करता, नुसत्या थंडीच्या जोरावर दारू कडक करता येते, हे सांगितलं तर पटेल? अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी वसाहतींच्या काळात नेमकं हेच केलं. त्यातून निघालं ते ॲपलजॅक. तिकडच्या शरद ऋतूतलं माझं सर्वांत लाडकं कॉकटेल, ‘जॅक रोझ’, याच ॲपलजॅकचं. घटक अवघे तीन: ॲपलजॅक, लिंबाचा रस आणि डाळिंबाचा पाक, म्हणजेच ग्रेनेडीन.

सुरुवात सफरचंदापासून करू. एका गोड सफरचंदाच्या पाच बिया पेरल्या, तर पाच वेगवेगळ्या जातींची झाडं उगवतात! एकाचंही फळ मूळ फळासारखं नसतं, बहुतेक आंबट नाहीतर तुरट निघतात. अमेरिकेत गेलेल्या वसाहतकारांनी बियांपासून बागा वाढवल्या. ‘जॉनी ॲपलसीड’ म्हणून प्रसिद्ध झालेला, 1774 साली जन्मलेला जॉन चॅपमन तर गावोगाव सफरचंदाच्या रोपवाटिका लावत फिरला. या फळांचं करायचं काय? दाताखाली धरवत नाहीत, पण रस काढून आंबवला की झकास सायडर होते. शरदात फळं उतरवायची, चरकातून रस काढायचा, पुढचं काम यीस्टचं. ते साखर खातं आणि मागे साधारण पाच-सहा टक्के अल्कोहोल ठेवतं.

मग हिवाळा येतो आणि खरी गंमत सुरू होते. सायडरची पिंपं उघड्यावर ठेवली की रात्री बर्फ धरतो. हा बर्फ जवळजवळ निव्वळ पाण्याचा असतो! स्फटिक बांधताना पाण्याचे रेणू इतक्या काटेकोर रांगा लावतात की अल्कोहोलच्या रेणूला त्यात जागाच मिळत नाही. शुद्ध अल्कोहोल गोठायला उणे 114 अंश लागतात, त्यामुळे ते न गोठलेल्या द्रवातच राहतं. सकाळी बर्फ काढून टाका, उरलेली सायडर आणखी कडक. थंडी जितकी वाढेल, तितकी ती आणखी कडक होत जाणार. पारा उणे नऊच्या आसपास उतरला, तर अल्कोहोल वीस टक्क्यांपर्यंत चढतं. थर्मामीटर पाहून दारूचा कडकपणा सांगता यावा, ही केवढी नवलाची गोष्ट!

मात्र या पद्धतीत एक धोका आहे. बर्फ फक्त पाणी काढून नेतो. मिथेनॉलसारखी घातक द्रव्यं मागेच राहतात आणि अल्कोहोलबरोबर तीही दाट होत जातात. म्हणून हा प्रयोग घरी करायचा नाही. बाजारातलं ॲपलजॅक आज भट्टीतूनच येतं. न्यू जर्सीच्या लेअर्ड घराण्याचा या धंद्यातला इतिहास थेट 1780 सालापर्यंत मागे जातो.

आता पेय बनवू. साठ मिली ॲपलजॅक, वीस मिली लिंबाचा रस, पंधरा मिली ग्रेनेडीन. ग्रेनेडीन घरीच करा: डाळिंबाचा रस आणि तेवढीच साखर मंद आचेवर विरघळेपर्यंत ढवळायची, बस्स. डाळिंबं सोलापूरची मिळाली तर आणखी काय हवं! पाकात लिंबू पडताच रंग कसा उजळतो ते पाहा. डाळिंबाला लाली देणारी अँथोसायनिन ही रंगद्रव्यं आम्लात लालभडक होतात. डाळिंबाच्या थोड्या रसात खाण्याचा सोडा टाकून पाहिलात, तर तोच लाल रंग निळसर-काळपट होईल.

सगळं शेकरमध्ये ओता, वितळू लागलेला, म्हणजे शून्य अंशाचा बर्फ भरा आणि पंधरा सेकंद जोरात हलवा. आता तापमान मोजा. उणे पाचच्या आसपास! बर्फ शून्यावर होता, पेय खोलीतल्या उष्णतेचं होतं. दोघांपैकी कोणीच शून्याखाली नव्हतं, मग ही थंडी आली कुठून?

एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं! बर्फ ही उष्णता पेयातूनच ओढून घेतो. साध्या पाण्यात शून्यावर हे थांबतं, कारण बर्फातून जितके रेणू सुटतात तितकेच परत येऊन चिकटतात. पण पेयात अल्कोहोल आहे. त्याच्या गर्दीत पाण्याचे रेणू विरळ होतात, परतणारे कमी पडतात, सुटणारे सुटतच राहतात. बर्फ वितळत राहतो, पेय आणखी गार होत जातं, आणि शून्याच्या बरंच खाली गेल्यावर कुठे तोल साधतो. घरी पॉटमध्ये आईस्क्रीम करताना बर्फावर जाडं मीठ टाकतो ना? तिथे जे काम मीठ करतं, ते इथे अल्कोहोल करतं. वितळलेलं तीसेक मिली पाणी पेयातच मिसळतं आणि दारूचा जाळ मऊ करतं. थंडी आणि पाणी एकाच वेळी, एकाच बर्फातून!

आता दोन्ही घटना शेजारी ठेवा. पिंपात थंडीने पाणी आणि अल्कोहोल यांची फारकत केली. शेकरमध्ये पाणी आणि अल्कोहोल एकत्र आले आणि त्यातून थंडी निघाली. प्रक्रिया तीच, फक्त उलट दिशेने. ज्या नियमाने हे पेय जन्माला घातलं, तोच नियम त्याला पिण्याजोगं गार करतो. अल्कोहोल घेत नसाल, तर सफरचंदाचा रस, लिंबू आणि ग्रेनेडीन हलवून पाहा. साखरही पाण्याच्या रेणूंची वाट अडवते, त्यामुळे तेही शून्याच्या किंचित खाली उतरेल. फक्त थर्मामीटर जवळ ठेवा, कारण हे नवल जिभेला जाणवतं, पण पटतं ते आकडा पाहिल्यावरच.