'नाही' या उत्तराची किंमत

दूरध्वनीवर चुकीचा क्रमांक फिरवला, की 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' अशी सूचना ऐकू येते. आपण थोडे चरफडतो. पण चूक झाली हे लगेच कळते. आता समजा, त्या सूचनेऐवजी दरवेळी एखादा विक्रेताच फोनवर आला आणि 'बोला, काय हवंय?' असे विचारू लागला, तर? इंटरनेटची जोडणी पुरवणाऱ्या काही कंपन्यांनी नेमके हेच केले आहे. संकेतस्थळाचा पत्ता टंकताना एखादे अक्षर चुकले, की 'असे स्थळ नाही' या उत्तराऐवजी त्यांचे जाहिरातींनी भरलेले पान समोर येते. हे कसे घडते, त्यात बिघडते काय आणि त्यावर उपाय कोणता, ते पाहू.

नावावरून क्रमांक

संकेतस्थळ ज्या संगणकावर असते, त्याला एक क्रमांक असतो. माणसाला मात्र क्रमांकापेक्षा नाव लक्षात ठेवणे सोपे जाते. नावावरून क्रमांक शोधून देणारी व्यवस्था अमेरिकेत पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. तिला डोमेन नेम सिस्टिम किंवा थोडक्यात डीएनएस म्हणतात. आपण पत्ता टंकला, की आपला संगणक आधी सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या डीएनएस संगणकाला क्रमांक विचारतो. तो संगणक गरजेप्रमाणे पुढे चौकशी करतो आणि उत्तर आणून देतो.

या उत्तराचे दोन प्रकार आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. एक, 'हा घ्या क्रमांक'. दुसरे, 'या नावाचे काहीही अस्तित्वात नाही'. तंत्रज्ञ या दुसऱ्या उत्तराला 'एनएक्सडोमेन' म्हणतात. मधली कंपनी हे नकारार्थी उत्तर अडवते आणि त्याच्या जागी स्वतःच्या जाहिरातींच्या संगणकाचा क्रमांक देते. आपल्या संगणकाला हा बदल ओळखू येत नाही. त्याच्या लेखी ते नाव खरोखरच अस्तित्वात असते.

बिघडते काय?

'चुकलेल्या माणसाला आम्ही मदतच करतो,' असे कंपन्या सांगतात. पण डीएनएसला प्रश्न विचारणारी माणसेच असतात असे नाही. टपाल पाठवणारे, माहिती गोळा करणारे असे अनेक कार्यक्रम (प्रोग्रॅम) अहोरात्र हेच प्रश्न विचारत असतात आणि 'नाही' या उत्तरावरून पुढचा निर्णय घेतात.

आमच्याच प्रयोगशाळेतला अनुभव सांगतो. दुसऱ्या एका संस्थेच्या संगणकावरून तापमानाच्या नोंदी रोज रात्री आणण्याचे काम एका कार्यक्रमाकडे होते. नाव सापडले नाही तर थांबावे आणि तसे कळवावे, अशी त्याला सूचना होती. पत्ता बदलताना एक अक्षर चुकले. कार्यक्रम थांबला नाही, कारण आमच्या सेवा-कंपनीने त्याला 'नाही' असे सांगितलेच नाही! आठवडाभर तो इमानेइतबारे जाहिरातींची पाने साठवत राहिला. आलेख काढायला बसलो, तेव्हा चूक उघड झाली. त्या दिवसांच्या नोंदी मूळ संस्थेकडून पुन्हा मागवाव्या लागल्या. चूक आमचीच होती. पण ती पहिल्याच रात्री कळायला हवी होती.

याहून मोठे उदाहरण २००३ सालचे आहे. डॉट कॉम आणि डॉट नेट या दोन्ही नामगटांची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते. १५ सप्टेंबर २००३ रोजी तिने या गटांतील अस्तित्वात नसलेल्या सर्व नावांना स्वतःच्या 'साइट फाइंडर' या स्थळाचा क्रमांक देणे सुरू केले. पाठवणाऱ्याचे नाव खरे आहे का, हे पाहून नको असलेले टपाल रोखणाऱ्या चाळण्या त्यामुळे निकामी झाल्या, कारण आता प्रत्येक नाव 'खरे' होते. जगभरातून ओरड झाली. डीएनएसचा प्रचलित कार्यक्रम 'बाइंड' लिहिणाऱ्यांनी या खोट्या उत्तरांकडे दुर्लक्ष करण्याची सोय काही दिवसांतच उपलब्ध करून दिली. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने मागणी केल्यावर ४ ऑक्टोबरला ही सेवा बंद झाली. सेवा-कंपन्यांच्या पातळीवर मात्र हा उद्योग पुढेही चालू राहिला.

त्याचा भुर्दंड इतरांवरही पडला. आपली दिशाभूल होत आहे का, हे ओळखण्यासाठी क्रोम हा ब्राउझर सुरू होताच तीन निरर्थक नावे विचारून पाहत असे. २०२० साली असे दिसून आले, की डीएनएसच्या मुळाशी असलेल्या संगणकांकडे येणाऱ्या प्रश्नांपैकी जवळजवळ निम्मे असे निरर्थक होते! त्यानंतर क्रोममध्ये सुधारणा करण्यात आली.

वर्गात करून पाहण्याजोगे

आपल्या शाळेच्या जोडणीवर काय घडते, ते विद्यार्थ्यांना तपासता येईल. विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा. 'एनएसलुकअप' ही आज्ञा रोमन लिपीत टंकून त्यापुढे दहा-पंधरा अक्षरे वाटेल त्या क्रमाने लिहा, त्याला डॉट कॉम जोडा आणि अगदी शेवटी आणखी एक टिंब द्या. 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' असे उत्तर आले तर सारे ठीक आहे. क्रमांक आला, तर आणखी दोन निरर्थक नावे घेऊन पाहा. तिन्ही वेळा तोच क्रमांक आला, तर मध्ये कोणीतरी उत्तर बदलत आहे असे समजावे.

उपाय

पहिला उपाय म्हणजे ही 'मदत' बंद करण्यास कंपनीला सांगणे. पण नंतर वरील प्रयोग पुन्हा करावा. काही वेळा फक्त जाहिरातीचे पान दिसेनासे होते, खोटे उत्तर तसेच राहते.

दुसरा उपाय, संगणकाच्या किंवा राउटरच्या मांडणीत दुसऱ्या डीएनएस सेवेचा क्रमांक घालणे. गूगलची ८.८.८.८ (२००९), क्वाड-नाइनची ९.९.९.९ (२०१७) आणि क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ (२०१८) या सेवा मोफत आहेत. मात्र आपण कोणती नावे विचारतो, हे मग त्या संस्थेला कळते. शाळेत मुलांसाठी चाळणी बसवलेली असेल, तर तीही चुकवली जाऊ शकते. म्हणून प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याला विचारूनच हा बदल करावा.

एवढ्यानेही भागले नाही, तर प्रश्न वाटेतच अडवले जात असण्याची शक्यता असते. त्यासाठी ब्राउझरमधील कूटबद्ध डीएनएसची सोय वापरावी. मूळ उत्तरावर अंकीय सही करण्याची 'डीएनएससेक' ही पद्धतही आहे. तिच्यात 'नाही' या उत्तराचीही सहीनिशी खात्री करता येते. अमेरिकेतील कॉमकास्ट या मोठ्या कंपनीने २०१२ साली ही पद्धत पूर्णपणे स्वीकारली, तेव्हा चुकलेले पत्ते वळवण्याची आपली सेवा तिला बंद करावी लागली. सही केलेल्या उत्तरात मधल्यामध्ये बदल करणे आणि त्याच वेळी सह्या तपासणे, ही दोन्ही कामे एकत्र नांदू शकत नाहीत.

प्रयोगात अपेक्षित गोष्ट सापडली नाही, तर आपण विद्यार्थ्यांना 'सापडली नाही' असेच लिहायला सांगतो. वहीतली जागा भरण्यासाठी दुसरेच काही लिहू देत नाही. इंटरनेटकडूनही आपली अपेक्षा याहून वेगळी नसावी.