पर्जन्यबागेला राखणदार हवा

सार्वजनिक उद्यानातली पर्जन्यबाग, म्हणजे पावसाचं पाणी जिरवणारा झाडाझुडपांचा उथळ वाफा, बिघडते ती बहुतेक वेळा तोंडाशी. वाटेवरचं पाणी जिथून आत शिरतं तिथे गाळ, पालापाचोळा, गुटख्याच्या पुड्या साचतात. मग पाणी वळसा घालून गटारात जातं आणि झाडं भर पावसात तहानलेली राहतात. म्हणून नव्या रोपांआधी हे तोंड मोकळं ठेवणाऱ्या माणसावर खर्च व्हावा, असं माझं ठाम मत आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये पर्जन्यबागेची कल्पना रुजली ती घरांच्या अंगणांत. तिथे निगा राखायला घरमालक होता. उद्यानात ते काम कुणाच्या तरी नावावर लिहावंच लागतं.

डासांची भीती रास्त आहे. पण अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा लागतो आणि नीट राखलेल्या वाफ्यात पाणी एक-दोन दिवसांत जिरतं. जास्त थांबलं, तर वरचा गाळ खरवडून काढायचा. सोलापूरकडच्या काळ्या मातीत एवढ्याने भागणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. तिथे आधीच माती बदलून वाळूमिश्रित भर घालावी लागते, जादा पाण्याला सांडवा ठेवावा लागतो, आणि तो सांडवाही दर मोठ्या पावसानंतर पाहावा लागतो.