आई, अंगणवाडी ताई आणि एक वही



बचतीचे हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की आपण घटकाभर बसतो. मग लेकराबाळांच्या गोष्टी निघतात. त्यातली एक गोष्ट मात्र आपण दबक्या आवाजातच बोलतो. लेकरू तीन-साडेतीन वर्षांचं झालं, पण बोलत नाही. हाक मारली तर वळत नाही. बाकीची पोरं घोळक्यानं खेळतात आणि हे एकटंच डब्याचं झाकण फिरवत बसतं.

यावर आपल्याकडं उत्तर तयारच असतं. "त्याचा बापही उशिराच बोलला होता." "पोरगं आहे, पोरं उशिरा बोलतात." आमच्या एका गटातल्या अशाच एका आईला आम्ही सगळ्याजणींनी हेच सांगितलं. तिला धीर द्यावा एवढंच मनात होतं. पण आमच्या त्या धीरापायी तिचं वर्ष-सव्वा वर्ष गेलं. म्हणून आज आम्ही आधी आमची चूक सांगतो आणि मग बाकीचं.

लेकरू वाढतं कसं, ते आधी पाहू. नऊ महिन्यांच्या आसपास ते नावानं हाक मारली की वळून बघतं. वर्षाचं होईस्तोवर हात हलवून टाटा करतं. दीड वर्षापर्यंत हवी ती वस्तू बोटानं दाखवतं, एकेक शब्द बोलतं. दोन वर्षांपर्यंत "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडतं. यातलं बरंच मागं पडलं असेल, किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं असेल, तर वाट बघत बसू नये. पहिल्यांदा कान तपासून घ्यावेत, कारण ऐकू कमी येत असलं तरी लेकरू बोलत नाही. कान चांगले असतील आणि तरीही नजरेला नजर देणं, नक्कल करणं, दुसऱ्यासोबत खेळणं जमत नसेल, तर ती स्वमग्नता असू शकते. डॉक्टर तिला ऑटिझम म्हणतात. ती आहे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं, आपण बैठकीत बसून नाही.

स्वमग्नता म्हणजे मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीनं होणं. ती नजर लागल्यानं होत नाही, लस दिल्यानं होत नाही आणि आई शेतात गेली म्हणून तर मुळीच होत नाही. मोबाइलमुळंही ती होत नाही. पण लेकरू तासन्‌तास मोबाइल बघत बसलं, की त्याच्याशी कुणी बोलायचा वेळ तेवढा कमी होतो, हे खरं. ती पूर्ण घालवणारं औषध नाही, म्हणून बरं करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पण लहानपणीच हात दिला तर लेकरू पुष्कळ शिकतं.

आता त्या आईची गोष्ट. लेकरू अंगणवाडीत जायला लागलं आणि रोजची तक्रार सुरू झाली. ताई म्हणायच्या, "प्रार्थना सुरू झाली की हा कान झाकून पळतो. खिचडीला हात लावत नाही. फार हट्टी आहे." आई म्हणायची, "घरी तर शांत असतो. तुम्हीच त्याच्याकडं बघत नाही." दोघी एकमेकींवर चिडलेल्या. खरं तर दोघींचंही खरं होतं. घरी तीन माणसं, अंगणवाडीत पंचवीस लेकरांचा गलका. घरी भाकरी वेगळी, भाजी वेगळी. तिथं सगळं एकत्र कालवलेलं.

मग एका दुपारी गटातल्या दोघीजणी मध्ये बसल्या आणि दोघींना समोरासमोर बोलतं केलं. ठरवलं एकच, की गाऱ्हाणं सांगायचं नाही, फक्त काय दिसतं ते सांगायचं. आई म्हणाली, "कुकरची शिट्टी झाली तरी तो कान झाकतो." ताईंच्या लक्षात आलं, की हा हट्ट नाही, त्याला आवाज सोसत नाही. ताई म्हणाल्या, "पाण्याच्या माठापाशी मात्र तो तास-तास रमतो." आईला वाटलं, मग पाण्यापासूनच सुरुवात करू.

दोघींनी तीनच शब्द निवडले: "पाणी", "दे" आणि "झालं". प्रत्येक शब्दाला हाताची एक खूण ठरवली. घरी आजी असो, अंगणवाडीत मदतनीस मावशी असोत, शब्द तेच आणि खूणही तीच. पेल्यात थोडंसंच पाणी द्यायचं आणि थांबायचं. मनात पाचापर्यंत मोजायचं. लेकरानं बघितलं, हात पुढं केला, नुसता आवाज काढला तरी "दे, पाणी दे" म्हणून लगेच पाणी द्यायचं. हे थांबणं फार अवघड आहे, बायांनो. आपल्याला घाई असते, लेकरानं मागायच्या आधीच आपण देऊन टाकतो. मग त्याला मागायची गरजच उरत नाही.

प्रार्थनेच्या वेळी ताई त्याला दाराजवळ बसवू लागल्या, टाळ्या हळू वाजवायला लावल्या. खिचडी ताटात एका बाजूला आणि घरून आणलेला भाकरीचा तुकडा दुसऱ्या बाजूला. आणि दोघींमध्ये एक वही ठेवली. रोज तीनच ओळी: आज काय जमलं, कशाचा त्रास झाला, उद्या काय करायचं. आईला लिहिता येत नव्हतं, तर शेजारची सातवीतली पोरगी लिहून द्यायची. लेकरू काही धडाधड बोलायला लागलं नाही. पण तीन-चार महिन्यांनी त्यानं आईचा पदर ओढून माठाकडं बोट दाखवलं. त्या दिवशीची ओळ आईनं वहीवर स्वतः अंगठा उठवून पक्की केली.

हे आमच्या मनचंच नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत असा अभ्यास झाला. 2 ते 9 वर्षांची, स्वमग्नता असलेली 65 मुलं त्यात होती. त्यातल्या निम्म्या मुलांच्या घरी तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या दर पंधरा दिवसांनी, सहा महिने जात होत्या. पालक आणि मूल खेळतानाचं चित्रीकरण करून ते पालकांसोबत बसून बघत आणि कुठं थांबावं, कुठं लेकराच्या कलानं घ्यावं हे दाखवत. 2016 साली तो अभ्यास छापून आला. पालक लेकराच्या कलानं बोलायला शिकले आणि लेकरं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. म्हणजे मोठ्या शहरातले तज्ज्ञ रोज मिळाले नाहीत, तरी घरचं माणूस आणि गावातली शिकलेली कार्यकर्ती मिळून बरंच करू शकतात.

तसं बघितलं तर अंगणवाडी जन्मली ती अशीच. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. जे लेकरू आपल्यापर्यंत येत नाही, त्याच्यापर्यंत आपण जायचं. न बोलणाऱ्या लेकराबाबतही हेच आहे.

सरकारी सोयी काय आहेत, तेही सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. ते वजन आणि डोळेच बघत नाही, विकासातला उशीरही बघतं. होतं असं, की पथक येतं त्या दिवशी आई हळद काढायला गेलेली असते. लेकरू रडतं, डॉक्टरांना काही कळत नाही आणि तपासणी तशीच उरकते. म्हणून पथकाची तारीख ताईंकडून आधी विचारा, त्या दिवशीची मजुरी बुडाली तरी हजर राहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. पुढची तपासणी, कान, वाचा-उपचार यासाठी पथक जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतं. तो कागद जपून ठेवा. 2023 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. त्यातही लवकर ओळखणं, अंगणवाडीत सामावून घेणं आणि घरच्यांना बळ देणं हेच सांगितलं आहे. तेव्हा "याला उद्यापासून आणू नका" असं कुणी म्हटलं, तर गटानं नम्रपणे, पण ठामपणे विचारावं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे. पण प्रमाणपत्र मिळेस्तोवर काम थांबवू नका. तीन शब्द शिकवायला कागद लागत नाही.

आपल्या भागातली खरी अडचण पुढंच आहे. दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. चार-पाच महिने लेकरू कोपीवर. नवी जागा, नवे आवाज, अंगणवाडी सुटलेली. सवयीवर चालणाऱ्या लेकराला हा बदल फार जड जातो. शक्य असेल तर त्याला आजीजवळ ठेवा. न्यावंच लागलं, तर वही, त्याचं नेहमीचं ताट आणि त्याची गोधडी सोबत न्या. खुणा त्याच ठेवा. परत आल्यावर पहिल्याच दिवशी ताईंकडं जाऊन पाच महिन्यांत काय झालं ते सांगा. पुढं पहिलीत घालताना हीच वही गुरुजींच्या हातात द्या.

आणि हे सगळं आई आणि ताईंवर टाकून मोकळं होऊ नका. ताईंच्या मागं पोषणाच्या नोंदी, मोबाइलवरची माहिती, गृहभेटी असतात. आमच्या गटानं ठरवलंय, की आठवड्यातून एकदा एक जण अर्धा तास अंगणवाडीत बाकीच्या लेकरांना गोष्टी सांगेल, म्हणजे ताईंना त्या एका आईसोबत निवांत बसता येईल. अर्धा तास म्हणजे काही फार नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाले की एवढंच विचारा: आपल्या गावात असं लेकरू कोणत्या घरात आहे? आणि त्या आईला "बोलेल की" म्हणू नका. तिच्यासोबत ताईंकडं जा. जाताना एक कोरी वही घेऊन जा.